बवाजाच्या शेतातले पाणी



रूथचे पुस्तक आपल्याकडे बहुधा लग्नाच्या उपासनेत उघडले जाते, नाहीतर सासू-सुनेच्या प्रेमावर बोलायचे असले म्हणजे. माधवगंजमध्ये आमची बुधवारची प्रार्थनासभा घरोघरी फिरती असते. या उन्हाळ्यात आम्ही तेथे हे चार अध्यायांचे लहानसे पुस्तक सावकाश वाचायला घेतले. दुसऱ्या अध्यायावर आलो आणि तीन आठवडे तेथेच राहिलो. सभेतील जवळजवळ प्रत्येक जण कोठे ना कोठे कामाला जातो, आणि हा सबंध अध्याय कामाच्या जागेवर घडतो.

आमची मंडळी मोठी नाही. कोणी इस्पितळात परिचारिका आहे, कोणी शाळेत शिक्षिका, कोणी सरकारी कचेरीत बाबू, कोणी महाराज बाड्याजवळच्या दुकानात हिशेब लिहितो, कोणी झाडू-पोछा करते. घरी आम्ही मराठी बोलतो, कामावर हिंदी. रविवारी हे सगळे प्रभूच्या मेजापाशी एका रांगेत येतात आणि एकाच प्याल्याचे भागीदार होतात. तेथे कोण साहेब आणि कोण चपराशी हे कोणी विचारत नाही. सोमवारी दहा वाजता हेच लोक शहरातल्या निरनिराळ्या कचेऱ्यांत शिरतात आणि तेथे प्रत्येकाची खुर्ची वेगळी, कप वेगळा आणि हाकही वेगळी असते.

ज्या बुधवारी आम्ही हा अध्याय सुरू केला, त्या बुधवारी आमच्या एका भगिनीने प्रार्थनेची विनंती केली. ती एका खासगी कचेरीत नऊ वर्षे साफसफाईचे काम करते. आम्हाला वाटले, पगाराचे काही असेल, किंवा नवऱ्याच्या आजारपणाचे. ती म्हणाली, "तिथं मला कुणीतरी नावानं हाक मारावी, एवढी प्रार्थना करा."

मग तिने हळूहळू सांगितले. कचेरीत तिच्यासह अकरा माणसे. कपाटात दहा पांढरे कप आहेत. अकरावा, कान तुटलेला, न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेला असतो. चहाची किटली त्याला लागू नये म्हणून चहा वरून ओततात. तिला बोलावताना "ए, सुन" म्हणतात. बसायला स्टूलही नाही, जिन्याच्या पायरीवर बसायचे. आणि शेवटी ती म्हणाली, "ते दहा कप रोज मीच धुते. माझे हात कपाला चालतात, ओठ चालत नाहीत." महिनाअखेर काम सोडायचे तिने ठरवले होते. पण मुलगी बारावीत, नवरा घरी बसून. काम सोडले तर फी कोठून भरायची, याला तिच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या संध्याकाळी कोणी उपदेश केला नाही. प्रार्थना झाली आणि आम्ही अध्याय वाचला. आता तो निराळ्याच कानांनी ऐकू येत होता.

बवाज बेथलेहेमाहून आपल्या शेतात येतो. त्याचे पहिले वाक्य कामाविषयी नाही, किती पेंढ्या बांधल्या हेही तो विचारत नाही. तो कापणी करणाऱ्यांना परमेश्वराच्या नावाने अभिवादन करतो, आणि तेही त्याला आशीर्वाद देऊन उत्तर देतात. मालक आधी बोलतो, मजूर मागून. आपल्याकडे रीत उलटी आहे. सलाम नेहमी खालून वर जातो, वरच्याने मान हलवली तर हलवली.

मग त्याला रूथ दिसते. ती विधवा आहे, गरीब आहे, परक्या मवाब देशाची आहे, आणि सरवा वेचण्याच्या आशेने शेतात आलेली आहे. कामाच्या जागी सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहायला एवढे पुरे होते. तिने काही तक्रार केलेली नाही. तरी बवाज आपल्या माणसांना बजावतो की हिला कोणी हात लावायचा नाही. पुढे नामी घरी सुनेला म्हणते की दुसऱ्या कोणाच्या शेतात गेलीस तर तुला त्रास होऊ शकेल. म्हणजे धोका खरा होता, आणि तो सर्वांना ठाऊक होता. बवाजाने काय केले ते पाहा. त्याने तिला जपून वागायला सांगितलेच, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. हुकूम त्याने पुरुषांना दिला.

मग पाणी. तहान लागली म्हणजे गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांकडे जा आणि त्यांतले पी, असे तो तिला सांगतो. त्या काळी पाणी भरणे हे बायकांचे काम, आणि परक्यांनी इतरांसाठी राबायचे, ही जगरहाटी. येथे पुरुषांनी भरलेले पाणी परक्या बाईने प्यायचे, आणि वेगळ्या भांड्यातून नव्हे.

जेवणाची वेळ होते. बवाज तिला जवळ बोलावतो, आपल्या आंब्यात भाकरीचा तुकडा बुडवायला सांगतो. ती कापणाऱ्यांच्या शेजारी बसते. तो स्वतः तिला हुरडा देतो. ती पोटभर जेवते आणि उरतेही. ती उठून कामाला लागल्यावर तो गड्यांना आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती तिच्यामागे सांगतो: तिला खजील करू नका, धमकावू नका, उलट तिच्यासाठी मुद्दाम काही कणसे पडू द्या. तिला मदत मिळावी, पण तिची मान खाली जाऊ नये, एवढा विचार त्याने केला.

अभिवादन, सुरक्षितता, पाणी, जेवणाची पंगत आणि मागे बोललेला चांगला शब्द. या पाच गोष्टींना बवाजाला फार पैसा लागला नाही. एकच गोष्ट लागली. तो स्वतः शेतात आला आणि मजुरांबरोबर बसला.

हे का महत्त्वाचे, ते समजायला आपल्या देशातील एक खरी हकिकत उपयोगी पडेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्याच मध्य प्रदेशातील महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परत आल्यावर करारानुसार १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महाराज सुधारक होते, शिकलेल्या माणसाची कदर करणारे होते. पण कचेरीत काय झाले? चरित्रकार सांगतात की शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरून फेकत. प्यायला पाणी मिळणे कठीण. शहरात राहायला कोणी जागा देईना. एका पारशी सरायीत ते नाव लपवून राहिले, तेथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढले. थोड्याच दिवसांत ते बडोदा सोडून मुंबईला गेले.

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे मडके होते प्राध्यापकांच्या खोलीत, आणि त्या मडक्यातले पाणी त्यांनी पिऊ नये असा काही सहकारी प्राध्यापकांचा आक्षेप होता. शिपाई अडाणी म्हणून तसे वागले, असे बडोद्याविषयी कोणी म्हणेल. मुंबईचे ते प्राध्यापक तर पदवीधर होते.

बडोद्याच्या राजाचे मन चांगले होते, पण ते राजवाड्यात राहिले, पाण्याच्या मडक्यापर्यंत पोचले नाही. बवाजाचे मन पोचले, कारण तो भांड्याजवळ स्वतः उभा होता. वरून आलेला चांगला हुकूम आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस यांच्यामध्ये रोजची दहा-बारा पावले असतात. ती पावले राजा चालू शकत नाही. ती सहकाऱ्यानेच चालायची असतात.

ही हकिकत आपल्याला परकी नाही. मराठी ख्रिस्ती घराण्यांत अशी पुष्कळ आहेत की ज्यांच्या पणजोबा-आजोबांना गावच्या विहिरीवर चढू दिले जात नव्हते. जातीचे नाव मागे टाकून ते ख्रिस्ताच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तहान काय असते हे ज्या घराला ठाऊक आहे, त्या घरातला माणूस कचेरीत अधिकारी झाला तर मडके सर्वांसाठी उघडणारा पहिला हात त्याचा असावा. आपला प्रभू तर थकून विहिरीवर बसला आणि शोमरोनी स्त्रीजवळ स्वतः पाणी मागितले. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नव्हते. तिला उपदेश करण्याआधी त्याने तिच्या घागरीतले पाणी मागितले, हे विसरू नका.

आपल्यामध्ये काम आणि सन्मान एकत्र नांदल्याचीही उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले गेले आणि रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ साली, संपूर्ण बाहेर आले. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या स्त्रिया आणि मुली होत्या. दुष्काळात अन्नावाचून केडगावला आलेल्या, घरादाराने टाकलेल्या मुलींना तेथे हुन्नर मिळाला. संस्कृतच्या ज्ञानासाठी पंडिता ही पदवी मिळवलेली बाई आणि अक्षर ओळखायला तेथेच शिकलेली मुलगी, दोघींचे हात एकाच पुस्तकाला लागले. ते पुस्तक हाती घेताना कोणता हात मोठा हे कसे सांगणार?

आता एक प्रश्न आमच्या सभेत निघाला, आणि तो प्रामाणिक होता. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "ख्रिस्ती माणसानं सहन करावं, असं आपण शिकलो ना? मग तिनं कपासाठी भांडावं का?"

यावर बरेच बोलणे झाले. नम्रतेचा धडा प्रभूने कोणाला दिला ते योहानाच्या तेराव्या अध्यायात पाहू. त्या माडीवर पाय धुण्यासाठी कंबरेला रुमाल गुंडाळला तो गुरूने. खाली वाकायचे ते ज्याच्याजवळ मान आहे त्याने. जो आधीच जमिनीवर बसवला गेला आहे त्याला आणखी वाक म्हणणे हा त्या अध्यायाचा अर्थ नव्हे.

आणि प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. फिलिप्पैत पौल व सीला यांना चौकशीवाचून चारचौघांत फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की त्यांना गुपचूप सोडा. पौल गेला नाही. तो म्हणाला की आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. रात्री तुरुंगात गीते गाणारा आणि तुरुंगाधिकाऱ्याचा जीव वाचवणारा तोच पौल सकाळी आपला हक्क मागतो. त्याच्या मनात सूड नव्हता. पण अपमान चारचौघांत झाला होता, तर मानही चारचौघांत मिळायला हवा होता. मागे फिलिप्पैत राहणाऱ्या नव्या मंडळीलाही त्याचा आधार झाला असेल.

म्हणून कायदा माहीत असणे हे विश्वासाच्या विरुद्ध नाही. आपल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि ती कोणत्याही रूपात पाळायला मनाई केली आहे. खिडकीतला वेगळा कप हे त्याचेच एक रूप. स्त्रियांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात मार्गदर्शक नियम घालून दिले, आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असावीच लागते. तिची प्रमुख स्त्री असते आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. जेथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, किंवा जी बहीण लोकांच्या घरी काम करते, तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची. आमच्या सभेतील नोकरी करणाऱ्या कितीतरी बहिणींना हे प्रथमच कळले. बवाजाने गड्यांना दिलेला हुकूम आणि हा कायदा यांची दिशा एकच आहे.

आमच्या त्या भगिनीने काम सोडले नाही. मंडळीतल्या दोघी बहिणी दोन संध्याकाळी तिच्याबरोबर बसल्या. काय बोलायचे, कसे बोलायचे, आवाज कापला तर काय, हे त्यांनी ठरवले. मग एका सकाळी ती व्यवस्थापकांसमोर उभी राहिली आणि हिंदीत शांतपणे म्हणाली की साहेब, हे सगळे कप मी धुते, उद्यापासून मीही यांतल्याच एका कपातून चहा पिईन, आणि मला माझे नाव आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग "ठीक है" म्हणाले. बस, एवढेच.

सर्व काही पालटले, असे आम्ही सांगणार नाही. हिशेबाच्या टेबलावरची एक तरुण मुलगी दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी खुर्ची घेऊन आली. आता सात जण तिला नावाने, पुढे "जी" लावून बोलावतात. दोघे अजून काहीच म्हणत नाहीत, नजर चुकवतात. आणि एका गृहस्थांनी घरून स्वतःचा स्टीलचा पेला आणायला सुरुवात केली आहे. त्या गृहस्थांसाठीही आम्ही बुधवारी प्रार्थना करतो. तिनेच तसे सुचवले.

प्रियांनो, आपल्यातील प्रत्येकाची कचेरी निराळी आहे, पण बवाजाच्या पाच गोष्टी कोठेही करता येतील. उद्या कामावर गेल्यावर आधी आपण नमस्कार करू, आणि जो झाडू मारतो आहे त्याच्यापासून सुरुवात करू. आपल्या ग्वाल्हेरला हिंदीतल्या "आप", "तुम" आणि "तू" यांतले अंतर चांगले समजते, मराठीतले "तुम्ही" आणि "तू" यांतलेही. साहेबाला "आप" आणि वयाने मोठ्या चपराशाला "तू", हे ज्या जिभेने होते त्याच जिभेने रविवारी आपण देवाला पिता म्हणतो. इस्पितळात परिचारिकेला सारे "सिस्टर" म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ बहीण आहे, पण सूर पुष्कळदा हुकमाचा असतो. शब्द तोच ठेवून सूर बदलला तरी वॉर्ड बदलेल.

बैठकीत पाच पुरुष आणि एक बाई असली की चहा ओतायचे तिच्याकडेच का जाते, हे एकदा पाहू आणि किटली आपण उचलू. संविदेवर घेतलेला सहकारी तेच काम निम्म्या पगारात करतो. त्याचा पगार आपल्या हाती नसेल, पण दुपारी डबा उघडताना त्याला आपल्या टेबलावर बोलावणे हाती आहे. करिंथ येथील मंडळीला पौलाने कडक शब्दांत लिहिले ते याच कारणाने. काही जण आधीच जेवून घेत, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहून खजील होत. पौल म्हणतो की अशाने ते प्रभूचे भोजन राहतच नाही. ज्यांच्या डब्याच्या पंगतीला जागा ठरलेल्या असतात, त्यांच्या रविवारच्या प्याल्याला तो तोच प्रश्न विचारतो.

आणि जो तेथे हजर नाही त्याच्याविषयी चांगले बोलू. बवाजाने रूथच्या मागे तिची बाजू घेतली. कचेरीतला अपमान पुष्कळदा पाठीमागे शिजतो, पुढ्यात फक्त वाढला जातो. एखाद्याची नक्कल चालली असेल, एखादीच्या कपड्यांवर हसू चालले असेल, तर त्या हसण्यात आपला आवाज मिसळायचा नाही, एवढे कोणालाही जमते. त्यापुढे जाऊन "असं नको बोलू या" म्हणता आले तर फारच उत्तम.

रूथने त्या दिवशी संध्याकाळी सरवा झोडला तेव्हा सुमारे एफाभर जव निघाले. दोघी विधवांच्या घरात चूल पेटली. पुढे त्याच घराण्यात दावीद जन्मला, आणि त्याच वंशात आपला तारणारा. एका शेतात एका परक्या बाईला सर्वांच्या भांड्यातले पाणी मिळाले, त्या दुपारी बवाजाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने फक्त समोरच्या माणसाला माणसासारखे वागवले.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू सुताराच्या घरात वाढलास आणि कष्टाच्या हातांची ओळख तुला आहे. आमच्या कचेऱ्या, दुकाने, शाळा आणि वॉर्ड यांत आज तू ये. ज्यांना नावाने कोणी बोलावत नाही त्यांना तू नावाने ओळखतोस. आमच्या जिभेला तसे बोलायला शिकव. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांना शेतापर्यंत चालत येण्याचे मन दे, आणि ज्यांचा मान हिरावला गेला आहे त्यांना निर्भयपणे उभे राहण्याचे बळ दे. जे अजून वेगळा पेला धरून आहेत त्यांचेही हृदय मऊ कर. रविवारी तुझ्या मेजावर जे आम्ही घेतो ते सोमवारी आमच्या टेबलावर दिसू दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.